खुर्च्या फिरवा

शुक्रवारी दुपारी तीन ते सहा आमच्या कॅम्पग्राउंडवर फुकटचा तमाशा असतो. लोक शहरातून गाडीमागे ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत येतात आणि तो रिव्हर्समध्ये आपापल्या जागेत घालायला बघतात. आधी पोहोचलेले घडीच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडतात, हातात बिअर घेतात आणि बघत बसतात. नवरा गाडी चालवतो, बायको मागे उभी राहून हात हलवते, नवरा तिच्यावर खेकसतो. कित्येक लग्नं इथं मोडायला टेकलेली मी पाहिलीत. मी इथला राखणदार. एकोणीस उन्हाळे माझा मुक्काम फाटकाशेजारी, आणि माझी खुर्ची सगळ्यांत पुढे. खोटं कशाला बोलू?

आमची आवडती जोडी म्हणजे हार्लन आणि नेडीन कोवाल्के. माझ्याही आधीपासून दर जूनला तेवीस नंबरची जागा त्यांचीच. तळ्याच्या अगदी काठाला, पण ट्रेलर घालायला महाभयंकर. रस्त्याला वळण, एका बाजूला बर्चचं झाड, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब, आणि आत घ्यायचं ते उजवीकडून, म्हणजे डावीकडे बसून चालवणाऱ्याला काही दिसत नाही. हार्लन खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, "अगं, डावी म्हणजे कुठली डावी? डोळे आहेत की बटणं?" आम्ही खो खो हसायचो. नेडीनही हसायची. म्हणजे दात दिसायचे, एवढंच म्हणेन.

आता गंमत ऐका. ही बाई शाळेची बस चालवायची. एकोणतीस वर्षं! विस्कॉन्सिनचा हिवाळा, गुडघाभर बर्फ, चाळीस फुटी पिवळी बस आणि आत साठ वांड पोरं. कधी बसचा आरसासुद्धा कुठं घासला नाही. गाईंच्या गोठ्यात वाढलेली, बाराव्या वर्षी बापाचा ट्रॅक्टर हाकणारी पोर ती. पण सुट्टीला निघाले की स्टेअरिंग हार्लनचं आणि हात हलवायचं काम हिचं. का, ते कोणी विचारलंच नाही. मीही नाही.

फेब्रुवारीत हार्लन गेला. अंगणातला बर्फ उपसताना छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. मृत्युपत्रात ट्रेलर क्रेगच्या, म्हणजे मुलाच्या नावावर करून ठेवला होता. तिला कुठं चालवता येतोय, म्हणून!

जूनच्या पहिल्या आठवड्यात क्रेगचा फोन आला. "मर्ल, आई ट्रेलर घेऊन एकटी निघालीय. मी गिऱ्हाईक ठरवलंय, रविवारी न्यायला येणार. ती म्हणते, तेवीसमध्ये एकटीनं घालून दाखवला तर विकायचा नाही. मी हो म्हटलंय. पण कुठंतरी आपटेल रे ती. मी मागोमाग पोहोचतोच, तोवर तू जरा समजव ना."

मी समजवलं. फाटकावर तिची पिकअप थांबली तसा मी पुढे झालो. "नेडीन, आठ नंबर रिकामी आहे. आरपार जागा. सरळ आत, सरळ बाहेर. कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"

"मर्ल, मी तुझ्याकडे जागा मागितली का? तेवीस बुक केलीय ना? मग तेवीसच." आणि काच वर.

पहिल्या खेपेला ट्रेलर बर्चवर निघाला. दुसऱ्या खेपेला खांबावर. तिसऱ्याला पुन्हा बर्च. खुर्च्यांतून चार बाप्ये उठले आणि चौघांनी चार दिशा सांगितल्या. "फुल मार!" "सोड, सोड!" "उलटी मार, बाई, उलटी!" मागे गाड्यांची रांग लागली. पहिल्या गाडीतल्या पोरानं हॉर्न दाबला आणि ओरडला, "आजी, आज होणार आहे का?" शेजारी त्याची बायको मान खाली घालून बसली होती.

क्रेग इतका वेळ हाताची घडी घालून उभा होता. चौथ्या खेपेला त्याला राहवलं नाही. पळत जाऊन ट्रेलरमागे उभा राहिला. "येऊ दे, येऊ दे... बस! अगं आई, डावी! डोळे आहेत की बटणं?"

इंजिन बंद झालं.

क्रेगचा चेहरा पांढराफटक पडला. आवाजसुद्धा हुबेहूब बापाचा होता. सवयीनं माझं तोंड हसायला उघडलं होतं, ते मी मिटून घेतलं.

नेडीन खाली उतरली. अडुसष्ट वय, केस पोरासारखे बारीक कापलेले. पिकअपमधून घडीची खुर्ची काढली, भर रस्त्यात मांडली आणि आमच्याकडे तोंड करून बसली.

"चौतीस वर्षं मला बघून हसलात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हौस फिटली असेल. आता मला काम करायचंय, आणि मला प्रेक्षक नकोत. खुर्च्या फिरवा."

"काय?" कोणीतरी विचारलं.

"खुर्च्या फिरवा. तळ्याकडे. तळं बघायलाच आलात ना एवढ्या लांब?"

"आणि नाही फिरवल्या तर?"

"तर मी इथंच बसले. सँडविच आहे, कॉफी आहे, आणि बस चालवणाऱ्या बाईला लघवी कितीही वेळ धरता येते."

रांगेतले हॉर्न वाजवू लागले. डास फोडून खात होते. "मर्ल, तू राखणदार ना? उठव की तिला!" शेजाऱ्यांनी माझ्यामागे लकडा लावला. नियमानं उठवायलाच हवं होतं. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. माझे कान तापले. मी उठलो आणि खुर्ची फिरवली. मग एकेकानं कुरकुरत फिरवली. सगळ्यांत शेवटी क्रेग तळ्याकडे तोंड करून उभा राहिला.

पाठीमागे इंजिन सुरू झालं. खडी चुरचुरली, थांबली, थोडी पुढे, परत मागे. कुणाची मान वळली नाही. वळली असती तर मीच धरून सरळ केली असती. मग हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला.

"बघा आता."

ट्रेलर तेवीसमध्ये सरळसोट उभा होता. बर्चपासून हातभर, खांबापासून हातभर.

"आई, मी तसं बोलायला नको होतं," क्रेग म्हणाला.

"तुझ्या तोंडून बाप बोलला. मला तो रोज आठवतो, क्रेग, पण त्याचं ते बोलणं मी परत ऐकणार नाही. गिऱ्हाईकाला फोन लाव. माझ्यासमोर लाव."

त्यानं लावला. नाही म्हणून सांगितलं.

"आणि कागद माझ्या नावावर कर. आता चाकांखाली ठोकळे ठेव, तेवढं तुला जमेल."

मी पाण्याची नळी जोडून द्यायला गेलो, तेव्हा कळलं की एप्रिलपासून दर मंगळवारी ती चर्चच्या मैदानात कचऱ्याचे डबे मांडून हेच करत होती. "तिथं पहिल्याच आठवड्यात जमलं," ती म्हणाली. "तिथं कोणी शिकवायला नव्हतं."

तोवर खुर्च्या पुन्हा रस्त्याकडे वळल्या होत्या. माझीसुद्धा. जित्याची खोड, दुसरं काय. तो हॉर्नवाला पोरगा चोवीसमध्ये ट्रेलर घालत होता आणि तिसऱ्यांदा चुकला होता. बायको मागे उभी राहून हात हलवत होती, आणि तो खिडकीतून, "अगं, आंधळी आहेस का?"

नेडीन गेली आणि त्याच्या दारावर टकटक केली. "उतर."

"काय?"

"आजी सांगतेय, उतर. हिला बसू दे."

"मला नाही हो येत," ती पोरगी म्हणाली.

"मलाही मघाशी येत नव्हतं. चढ."

पोरगा उतरला. ती चढली. मी उठलो आणि माझी खुर्ची तळ्याकडे फिरवली.

"अरे मर्ल, खरी मजा तर आता आहे!" शेजारचा म्हणाला.

"फिरव," मी म्हटलं.