पुलापलीकडची बारा मिनिटं

माझा धाकटा भाऊ बस चालवतो. घरात त्याचं नाव सावकाश. लहानपणी बुटाच्या नाड्या बांधायला त्याला एवढा वेळ लागायचा की आई दारात उभी राहून हात जोडायची आणि म्हणायची, "होऊ दे महाराज, सावकाश होऊ दे." तेच नाव चिकटलं. जेवण सावकाश, बोलणं त्याहून सावकाश, आणि रागावणं तर अजून सुरूच व्हायचंय. बस चालवायला मात्र हा गुण फार उपयोगी पडला. एकवीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही.

मी त्याच्या उलट. माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे आणि जीभही कात्रीसारखी चालते, असं गिऱ्हाइकंच सांगतात. भावाच्या वाटचं सगळं भांडण लहानपणापासून मीच भांडत आलेय. या एका प्रकरणात मात्र मी हात टेकले.

चूक त्याची होती, हे आधीच सांगून टाकते. त्याची बायको वेगळी झाली तेव्हा मुलगी, आमची भिंगरी, पाच वर्षांची होती. दर शनिवारी सकाळी तिला घेऊन यायचं आणि संध्याकाळी सातला आईकडे पोचवायचं, असं ठरलं होतं. एका शनिवारी ती दुपारभर खेळून दमली आणि पाचलाच झोपली. याने विचार केला, कशाला उठवायचं. फोनची बॅटरी संपलेली, तीही सावकाश बघू म्हणून तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो भिंगरीला घेऊन पोचला, तोवर तिच्या आईची अख्खी रात्र पोलीस चौकीत गेली होती. "झोपली होती, म्हणून उठवलं नाही," हे त्याने कोर्टातही सांगितलं. खरं होतं, पण कोर्टात असल्या उत्तरांना कोण विचारतो?

निकाल लागला तो असा. दर शनिवारी अकरा ते एक, खाडीपलीकडच्या कोर्टाच्या एका भेट-केंद्रात, तिथल्या बाईंच्या समोर त्याने मुलीला भेटायचं. असे चोवीस शनिवार झाले की भिंगरी पुन्हा दिवसभरासाठी घरी येऊ शकेल. एखादा शनिवार कोरा गेला तर माफ, पण लागोपाठ दोन कोरे गेले की मोजणी पहिल्यापासून.

त्याने ते मनावर घेतलं. ज्येष्ठतेमुळे त्याची आठवड्याची सुट्टी शनिवारीच होती. बोगद्यातल्या गाडीने खाडीखालून जायला अकरा मिनिटं लागायची, तरी हा दहालाच केंद्राच्या फाटकाशी उभा. सतरा शनिवार झाले. मी भिंगरीच्या खोलीसाठी पडदे शिवायला घेतले.

मधेच ते वादळ येऊन गेलं होतं; तेव्हाही हा पहाटे निघून खाडीवरच्या पुलावरून वेळेत पोचला होता. समुद्राचं पाणी बोगद्यात शिरलं आणि दोन दिवस छतापर्यंत उभं राहिलं. पंप लावून ते उपसलं, तीन आठवड्यांनी गाड्या सुरू झाल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की पाणी गेलं तरी मीठ राहिलंय आणि ते केबली आतून खात बसलंय. सगळ्या केबली बदलायच्या, भिंती धुऊन काढायच्या. आठवडाभर लोकांना कामावर जायचं असतं, म्हणून बोगदा शुक्रवारी रात्री बंद करायचा आणि सोमवारी पहाटे उघडायचा. असे चौदा महिने. काम गरजेचं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भरल्या गाडीत खाडीखाली दिवे जावेत असं कोणाला वाटेल?

स्टेशनच्या दाराला साखळी लागली आणि शेजारी फलक आला: 'पर्यायी बससेवा. प्रवासाचा वेळ २५ मिनिटे.' हे पंचवीस कुठून आले ते ड्रायव्हर लोकांनी मला सांगितलं. एक साहेब ऑफिसच्या मोटारीतून रविवारी पहाटे साडेपाचला पुलावरून गेले आणि घड्याळ बघून आले. तेव्हा पुलावर ते आणि दोन कुत्री. शनिवारी अकरा वाजता त्याच पुलावर बोगद्यातली सगळी माणसं अधिक रोजच्या मोटारी. पाऊण तासाच्या आत सहसा बस पोचायची नाही. पण फलक छापून झाला होता आणि बसचं वेळापत्रकही त्या पंचविसावरच बेतलं होतं.

एवढ्या बस चालवायला माणसं हवीत, म्हणून सगळ्या ड्रायव्हरांच्या शनिवार-रविवारच्या सुट्ट्या रद्द झाल्या. सावकाशने अर्ज केला आणि गप्प बसला. मी त्याला हाताला धरून डेपोत नेलं. साहेबांना मी सगळं सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. त्यांनी शांतपणे एक फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली.

"बघा ताई. हे बाळंतपण. ही आईची शस्त्रक्रिया. या पोराचं तर स्वतःचं लग्न आहे. सांगा, कोणाला हो म्हणू?"

"याला म्हणा."

"बुधवारी सुट्टी देतो."

"बुधवारी पोरगी शाळेत असते. आणि केंद्र पाचला बंद होतं."

"मग मी तरी काय करू?" असं म्हणून त्यांनी मला पाणी दिलं. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

नोकरी सोडावी, तर कोर्टाच्या कागदावर 'नियमित नोकरी' ही अटच होती. भिंगरीच्या आईला मी फोन केला. तिच्याबद्दल चांगलं बोलणं मला जड जातं, पण तिनेही शनिवारऐवजी दुसरे दोन वार सुचवून पाहिले. एकही जमला नाही. दोन शनिवार एका दोस्ताने पाळी बदलून दिली. मग त्याच्याच घरी बाळ आलं आणि तो मार्ग बंद झाला. एकोणीस झाले होते.

वाट काढली ती केंद्रातल्या बाईंनी. बसचा शेवटचा थांबा केंद्राच्या समोर, रस्ता ओलांडला की फाटक. सावकाशचा ड्युटीचा कागद त्यांनी चष्मा लावून वाचला. "अकरा चाळीसला तुम्ही पोचता, अकरा बावन्नला निघता. मध्ये बारा मिनिटं आहेत की. दहा मिनिटं बसलात तरी मी हजेरी लिहीन. त्याखाली मात्र लिहिता येणार नाही, तपासणी होते." तोवर भिंगरीजवळ मी, तिची आत्या, बसले तरी चालेल असंही त्या म्हणाल्या. मी त्यांचे हात धरले. कागदावरची बारा मिनिटं आम्हाला खरी वाटली, एवढे आम्ही अडलेले होतो.

मी नऊच्या बसने निघायची. काय एकेक माणसं बसमध्ये! इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला निघालेला एक जण पुलाच्या मध्यावर घामाने भिजून गेलेला. शेजारची बाई फोनवर दर पाच मिनिटांनी "हे काय, पोचलेच" म्हणत होती आणि बाहेर तोच दिव्याचा खांब होता. ड्रायव्हरला तर जो तो येऊन बोलून जायचा. एका आजोबांनी विचारलं, "पंचवीस मिनिटं कधी सुरू होणार?" सगळे हसले. मीही हसले आणि मग मान वळवून मागे पाहिलं, कारण पाठीमागच्या कुठल्यातरी बसमध्ये माझा भाऊ हेच ऐकून घेत होता.

विसावा शनिवार नशिबाने निभावला. एकविसाव्याला बस आली ती बारा अठराला. थांब्यावर कंट्रोलर उभा, रांग पार कोपऱ्यापर्यंत. उशीर झाला की मधली विश्रांती गेली, लगेच मागे फिरायचं, असा हुकूम होता. मी आणि भिंगरी खिडकीतून बघत होतो. उतरणारे उतरले, चढणारे चढले, बस गच्च भरली. मग सावकाशने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली आणि रस्ता ओलांडून पळत आला. माझा भाऊ पळतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

भिंगरीने दुकान मांडलं होतं. तो गिऱ्हाईक झाला. प्रत्येक वस्तू उचलून, उलटीसुलटी करून तो भाव विचारत होता आणि भिंगरी हसून लोळत होती. आठव्या मिनिटाला दार उघडलं. हॉस्पिटलच्या गणवेशातली एक बाई आत आली.

"ड्रायव्हर इथे बसलेत होय? अहो, माझी ड्युटी एकला सुरू होते! साठ माणसं उन्हात कोंडून तुम्ही इथे खेळताय?"

माझी जीभ तयारच होती. पण तिच्या कपाळावरून घाम ठिबकत होता आणि आवाज रडवेला झाला होता. "दोन मिनिटं द्या हो," एवढंच मी म्हटलं. तिने भिंगरीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि दाराशी उभी राहिली. ती दोन मिनिटं कोणीच काही विकलं नाही की घेतलं नाही. दहा झाली तसा तो उठला आणि तिच्या मागोमाग गेला.

हजेरी लागली. सोमवारी मेमोही आला. पुन्हा असं झालं तर गाडीवरून खाली.

पुढच्या शनिवारी बस साडेबाराला पोचली आणि कंट्रोलर दाराशीच येऊन उभा राहिला. सावकाश सीटवरून उठू शकला नाही. त्याने काचेतून आमच्या खिडकीकडे हात केला, भिंगरीनेही केला, आणि बस वळली. बाईंनी वहीतली ती ओळ कोरी ठेवली.

"आत्या, बसमध्ये किती माणसं होती?" भिंगरीने विचारलं.

"असतील पन्नास-साठ."

"सगळ्यांना उशीर झाला ना?"

"झाला असेल. तू नको त्याचा विचार करू." असं सांगून कोणी विचार करायचं थांबतं का, पण मी सांगितलं.

त्यानंतरचा शनिवार चुकून चालणार नव्हतं. आठवडाभर मला झोप नव्हती. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या पँटची एकच बाजू आखूड केली आणि तशीच घडी घालून दिली. शनिवारी मी साडेदहापासून खिडकीत. पुलावर त्या दिवशी गर्दी का नव्हती, देव जाणे. अकरा अडतीसला बस समोर येऊन उभी राहिली. मी बाईंकडे वळून, शहाण्या बाईसारखी, टाळीच वाजवली. सावकाश उतरला, चालत आला, आत आला. पूर्ण बारा मिनिटं, वर दोन जास्तीची.

"काय दुकानदार, उघडं आहे का?" तो म्हणाला.

भिंगरी खिडकीतून हललीच नाही.

"बाबा, लोक चढायला लागलेत."

"चढू देत. अजून वेळ आहे."

"ती बघ, ती आजी उभीच आहे. तिला बसायला जागा नाही."

"मिळेल तिला. ये, मला काहीतरी विक."

ती आली, पण पाठमोरी, डोळे खिडकीकडे. त्याच्या हातात एक ठोकळा दिला आणि पुन्हा पळत खिडकीशी गेली. "बाबा, एक माणूस घड्याळ बघतोय. बाबा, तू जा ना."

"अगं, दहा मिनिटं आहेत अजून."

"ती बाई परत येईल!" आणि तिने भोकाडच पसरलं. त्याचं बोट दोन्ही हातांनी धरून ती त्याला दाराकडे ओढायला लागली. मी तिला उचलून घेतलं तर पाय झाडायला लागली.

"बसा हो," बाई हळूच म्हणाल्या. वही उघडी होती, पेन हातात होतं. "चार मिनिटं झालीत. अजून सहा बसा, मी लिहिते. रडेना का."

सावकाशने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असणार, कायम मीच बोलते. मी भिंगरीचे पाय आवरत राहिले. तो उठला.

"ती रडतेय हो," तो बाईंना म्हणाला. भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं, जातो मी. रडू नको, हा बघ निघालोच."

दार लागलं. भिंगरी खिडकीवर चढून बसली. समोर तो रस्ता ओलांडून गेला आणि बसमध्ये चढला. वेळेआधी बस काढता येत नाही, त्यामुळे निघता काही येईना. दोन्ही हात चाकावर ठेवून तो सीटवर बसून राहिला, आमच्यापासून तीस पावलांवर, पुरी नऊ मिनिटं. बाईंनी पेनाला टोपण लावलं. मोजणी पुन्हा एकपासून, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

अकरा बावन्नला बस सुटली. भिंगरीने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून हसली.

"बघ आत्या, आज बाबाला कोणीच ओरडलं नाही."

"हो गं," मी म्हटलं. "कोणीच नाही."