पंचनाम्यातला एक शब्द

ईरा, निखिल,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आर्णीला परत कधी जाणार?" मी विषय बदलला. ते बरोबर नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आर्णी सोडून नागपूरला निघाले त्या दिवशी टेम्पोत एक कपाट, दोन गाद्या आणि माझे इंग्रजी शब्दकोश होते. भिजून इतके फुगले होते की मिटत नव्हते. पुराचं पाणी दुसऱ्यांदा घरात शिरलं होतं. पहिल्यांदा गुडघ्यापर्यंत, या वेळी छातीपर्यंत. शेजारच्या कमलाताई टेम्पोपाशी आल्या. "जाता तं जा मॅडम, पण किल्ली मायापाशी ठेवा. कुलूप पाहून घर रुसते."

आदल्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आला होता. माझाच जुना विद्यार्थी. फॉर्मवर छापलं होतं, 'कारण: नैसर्गिक आपत्ती'. मी लाल पेनाने 'नैसर्गिक' खोडलं.

"मॅडम, तुम्ही अजून पेपर तपासून राह्यल्या काय?" तो हसला, मग घाबरला. "खाडाखोड चालत नाई. तुमची मदत अडकते."

"अडकू दे. चुकीच्या उत्तराला मी मार्क देत नाही."

काय नैसर्गिक आहे यात? हवा तापते आहे, महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळतो, हे सरकारला माझ्या आधी ठाऊक होतं. तरी नदीकाठी प्लॉट पाडू दिले, रस्त्यासाठी कडुनिंब तोडले, कोळसा जाळणं चालूच ठेवलं. पहिल्या पुरानंतर मी अर्ज दिला, त्यावर शेरा मिळाला: 'पुढील कार्यवाहीस्तव सादर'. ती कार्यवाही अजून पुढेच आहे. आम्हाला मात्र सांगतात, झाडं लावा. नदीचं पात्र मोकळं करणं आणि धूर थांबवणं ही कामं नागपूरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत चार कुंड्या ठेवून होत नाहीत. ती सरकारचीच आहेत. इथे मी एसीत बसते. तोही कोळशावरच चालतो, आणि तो लावताना दर वेळी माझा संताप होतो.

गेल्या आठवड्यात फॉर्म परत आला. सोबत दुसरा, कोरा. 'खाडाखोड न करता भरून द्यावा.' तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "सही कर ना आई, एका शब्दासाठी काय?" त्याच एका शब्दामागे सगळे लपले आहेत. मी सही केली नाही.

परत कधी जाणार, हे ठरवणं माझ्या हातात उरलेलं नाही. आर्णीचं घर उभं आहे, भिंतीवर छातीएवढी मातकट रेघ आहे. कमलाताई रोज दार उघडून ओसरी झाडतात.