कुलूप आत काय करतं

मॅडमना शिकवायची हौस होती असं नाही. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत त्यांचं छान चाललं होतं. पण वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि घराजवळ राहता यावं म्हणून त्यांनी कॉलेजातली नोकरी धरली. तिथं मुलं ठरलेले प्रयोग करायची, ठरलेली उत्तरं काढायची, आणि जुळलं नाही तर शेजारच्याचं बघून उतरवायची. मॅडमचा जीव त्यात रमेना.

मग एका सुट्टीत त्यांनी दुसऱ्या वर्षाची तीन मुलं हाताशी धरली. एक चष्मेवाला, एक उंचाडा, आणि एक मुलगी. ती इतके प्रश्न विचारायची की सगळे तिला शंकाबाईच म्हणायचे. मॅडमनी टेबलावर आकडे दाबून उघडायचं एक इलेक्ट्रॉनिक कुलूप ठेवलं.

"याचा आकडा शोधा. फोडायचं नाही, अंदाजपंचेही नाही. चुकीचा आकडा दाबला की हे आत काय करतं, ते बघायचं."

शंकाबाईनं विचारलं, "मॅडम, उत्तर तुम्हाला माहीत असेलच ना?"

"आकडा मीच घातलाय. पण तो बाहेरून कळतो का, ते मलाही ठाऊक नाही."

शिक्षकालाच उत्तर माहीत नाही, हे काही मुलांच्या पचनी पडेना.

कुलूप जसं काम करेल तशी वीज ओढतं, आणि ती ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर रेघ होऊन दिसते. मुलं त्या रेघेला डोळे लावून बसली. एका दुपारी उंचाडा ओरडलाच, "सापडलं! पहिला आकडा सात!" सात दाबला की रेघेत उंचवटा येत होता.

पहिला आकडा सात नव्हता. मॅडम नुसतं म्हणाल्या, "पुन्हा दाखव." पुन्हा आला. तिसऱ्यांदा मात्र आला नाही, आणि मग येईचना. मुलांची तोंडं उतरली. मॅडमना उलट चेव आला. "उंचवटा तर आपण सगळ्यांनी पाहिला. मग तो होता कुणाचा?"

तेवढ्यात बाहेर पाण्याचा कूलर घरघरला आणि पडद्यावर उंचवटा उभा राहिला. शंकाबाई आधी दाराकडे बघत राहिली, मग हसत सुटली.

"म्हणजे इतके दिवस आपण कूलरचा अभ्यास केला!" चष्मेवाला म्हणाला आणि फुगून बसला.

संध्याकाळी घरी मॅडमच्या वडिलांनी अडखळत विचारलं, "बोललं का कुलूप?"

"नाही हो बाबा. कूलरच मध्ये बोलला." बाबा एका बाजूनं हसले.

कूलर आणि कुलूप एकाच लाइनवर होते, म्हणून मुलांनी कुलूप बॅटरीवर घेतलं. रेघ स्वच्छ झाली, आणि शंकाबाईच्या लक्षात आलं की बघायची ती उंची नव्हे, लांबी. पहिला आकडा बरोबर असला की रेघ किंचित उशिरा शांत होत होती. कुलूप एकेक आकडा तपासायचं आणि चूक दिसली की तिथंच थांबायचं. एकेक करत सगळे आकडे हाती आले. खट्कन कुलूप उघडलं, तेव्हा मॅडमच्या अंगावर काटा आला.

"आता नेटवर टाकू या!" उंचाडा म्हणाला.

"आणि ज्यांच्या दारांना हे लावलंय त्यांचं काय? आधी बनवणाऱ्याला सांगायचं," मॅडम म्हणाल्या.

कंपनीनं बरेच दिवस दाद दिली नाही. मग तिथल्या इंजिनिअरनं फोन केला, आणि पुढे दुरुस्त केलेलं कुलूप पाठवलं. हे सगळे आकडे तपासूनच उत्तर द्यायचं. मुलांनी अख्खं सत्र त्याच्यामागे घालवलं, पण ते काही बधलं नाही.

प्रकल्पाच्या परीक्षेत विभागप्रमुखांनी मुलांचा नव्या कुलपावरचा अहवाल चाळला. "काहीच सापडलं नाही? मग गुण कशाचे द्यायचे?"

मॅडमच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. शंकाबाई म्हणाली, "सर, आम्ही जिथं शोधलं तिथं नाही, एवढंच म्हणतोय. असतं तर आम्हाला दिसलं असतं का, ते आधी जुन्या कुलपावर करून बघितलं. तिथं दिसलं."

सरांनी अहवाल पुन्हा उघडला. "आकडे तपासताना कुलपातली चिप किती तापते, ते पाहिलंत?"

"नाही," तिघं एकदम म्हणाली.

"का नाही?" सरांनी खुर्ची पुढे ओढली. पुढच्या गटाला बराच वेळ बाहेर ताटकळावं लागलं.

गुण बेताचेच मिळाले. पण दुसऱ्या दिवशी मॅडम प्रयोगशाळेत शिरल्या, तर इतकी बारीक उष्णता मोजायची तरी कशानं, यावरून तिघांची चांगलीच जुंपली होती. मॅडमनी पर्स टेबलावर टाकली आणि त्याही भांडायला बसल्या.