तात्यांच्या विमानाची पायरी

टर्नर दिवसभर कारखान्यात लेथवर खरं लोखंड कातायचा आणि संध्याकाळी घरी येऊन संगणकावर खोटी विमानं घडवायचा. खोटी म्हणजे कशी? विमानांच्या लढाईचा एक खेळ असतो. त्यात उडवायला जुन्या काळची लढाऊ विमानं लागतात, ती हा पठ्ठ्या पत्र्यावरच्या रिबिटा-रिबिटासकट उभी करी. कुठकुठली माणसं ती आपल्या संगणकावर घेत आणि आभाळात भिरभिरवत. बायको शिवणकाम करी. ती म्हणे, "अहो, एवढी विमानं घरात, आणि मी मेली बाजाराला पायीच!"

पण या खेपेचं विमान वेगळं होतं. ते होतं तात्यांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं. तरुणपणी तात्या लढाऊ विमानांचे मेकॅनिक. आता नव्वदीला टेकलेले, आणि डोक्यातलं एकेक सामान कुणी हळूच उचलून न्यावं तसं नाहीसं होत चाललेलं. पोटच्या लेकीलाही विचारत, "बाई, तुम्ही कोण?" तिला वाटे, त्यांचं विमान समोर उभं राहिलं, तर बाबा घटकाभर तरी परत येतील.

विमानाची मापं पुस्तकांत मिळाली. पण तात्यांच्या तुकडीनं त्याला स्वतःच्या हातानं एक लोखंडी पायरी बसवली होती, ती कुठल्या पुस्तकात असणार? होता फक्त एक फोटो. त्या पायरीवर पाय ठेवून उभे तरणेबांड तात्या. शेपटीवरचा नंबर फोटोबाहेर राहिलेला. टर्नरनं तीन महिने डोळे फोडून फोटोत दिसते तशी, विमानाच्या उजव्या अंगाला, ती पायरी घडवली, तिच्यावरचे रंगाचे पोपडेसुद्धा सोडले नाहीत.

रविवारी तात्यांना पडद्यासमोर बसवलं. विमान धावपट्टीवर उभं. तात्यांनी टक लावून पाहिलं आणि मान हलवली.

"हे माझं नव्हे."

मग उठले, टेबलाला वळसा घालून पडद्याच्या मागं गेले आणि वायरींत हात घालून चाचपू लागले.

"बाबा, काय शोधताय?"

"पायरी. पायरी कुणी काढली?"

"तात्या, पायरी इकडं आहे, ही काय समोर!" टर्नर म्हणाला.

"तिथं कुणा गाढवानं लावली?"

तीन रविवार हेच. टर्नर पार चक्रावला. मापं पुन्हा ताडून पाहिली, रिबिटं मोजली, चूक सापडेना. कामावर भलत्याच मापाचा दांडा कातला आणि मालकाची बोलणी खाल्ली. शेवटी त्यानं फोटो बायकोपुढं टाकला. "तूच बघ बाई. तात्या गोंधळलेत की मी, तेच कळेनासं झालंय."

ती काजं करत होती. चष्म्यावरून फोटो पाहिला आणि हातातली सुई हातातच राहिली. "अहो, बाबांनी बायकांचा शर्ट का घातलाय?"

"काय?"

"पुरुषांची बटणं उजव्या पट्टीवर असतात. इथं डाव्या."

टर्नरनं स्वतःचा शर्ट पाहिला. खात्री करायला आरशात पाहिला, तर गोंधळ दुप्पट झाला! मग एकदम डोक्यावर हात मारला. फोटोवाल्यानं निगेटिव्ह पालथी घालून छापली होती, म्हणून डावं ते सगळं उजवीकडे आलेलं. पायरी उजवीकडे नव्हतीच कधी, ती डावीकडे. तात्या बरोबर बाजूनंच शोधत होते!

त्यानं पायरी डाव्या अंगाला हलवली आणि पुढच्या रविवारी तात्या समोर बसले. या वेळी उठले नाहीत. काचेवरच्या पायरीवरून बोट फिरवलं, मग ताठ होऊन टर्नरकडे वळले.

"साहेब, विमान तयार आहे. सही करा."

टर्नर बायकोकडे बघू लागला. तिनं मापांची वही पुढं केली. तात्यांच्या त्या वैमानिक साहेबाचं नाव काय, कुणास ठाऊक! त्यानं काहीतरी गिरगोटा ओढला.

"आणि साहेब," तात्या हळूच म्हणाले, "उतरलात की दोन दिवस सुट्टी द्या. घरी लेक वाट बघते."

वाट बघणारी लेक शेजारीच उभी होती. तिनं डोळे पुसले आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "अहो साहेब, द्या की सुट्टी!"

"दिली," टर्नर म्हणाला, आणि त्यानं इंजिन सुरू केलं.