करवतीला कुंकू

"वेंडाम! नको, तो हात लावू नका. आज अपशकुन नको."

सगळ्या कॉलनीसमोर मॅनेजर माझ्या अप्पांवर ओरडला. मूळचा तंजावरचा, आमच्यासारखाच घरी मराठी बोलणारा. म्हणून जास्त लागलं.

आयुधपूजा होती. इथे तमिळ मुलखात, गिंडीच्या पलीकडे आमची लाकडाची गिरणी. तिथली पहिली करवत मालकांनी रंगवून चौथऱ्यावर बसवली होती. मागे भिंतभर चित्रांत गिरणीचा इतिहास. ब्रह्मदेशाहून आलेले सागाचे ओंडके, टोपीवाले साहेब, कंपनीने बांधलेल्या चाळी, दवाखाना, देऊळ. कामगार एकही नाही. करवत जणू आपली आपणच चालायची.

अप्पांची हयात त्या करवतीवर गेली. उजव्या हाताची तीन बोटंही. आमच्याकडे रिवाज आहे, पहिलं कुंकू करवत चालवणाऱ्यानं लावायचं. पण बोटं गेलेल्यानं नाही. त्यानं मागे उभं राहायचं. लहानपणापासून मी अप्पांना मागेच बघितलं. वाटायचं, असंच असतं.

त्या दिवशी जुनी करवत बघून म्हातारा सगळं विसरला. पुढे गेला, कुंकवात हात घातला. आणि ओरडा ऐकून तोच हात पाठीमागे लपवला.

"चुकलं, सार."

मी गिरणीच्या ऑफिसात कारकून. क्वार्टर माझ्या नोकरीवर. नळ त्यांचा, छप्पर त्यांचं. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं? आईनं पदर ओढला. "गप बस गं. जायचं कुठं?"

तरी मी पुढे गेले. अप्पांचा हात ओढून करवतीच्या पात्यावर ठेवला.

"बोटं हिनं खाल्ली, सार. मग अपशकुनी कोण?"

आवाज फाटला. मी रडत होते. कुणी पुढे आलं नाही. शेजारीसुद्धा जमिनीकडे बघत राहिले.

आता मॅनेजरचा निरोप आलाय. सोमवारी देवळासमोर मी माफी मागितली, तर घर राहील. आईनं भांडी पोत्यात भरली, परत काढली, परत भरली. दाराची कडी वाजली की मी दचकते. खोटं कशाला बोलू, फार भीती वाटते.

पण भीती जाईल म्हणून थांबणार नाही. सोमवारी जाणार आहे. भीत भीतच नाही म्हणणार आहे.