चार बोटं आखूड डावी बाही

माझ्या थोरल्या जाऊबाईंना अख्खी गल्ली 'कात्री' म्हणते. शिवणकाम करतात म्हणून म्हणत असतील, असं नव्या माणसाला वाटतं. आम्ही कुणी तो गैरसमज दूर करत नाही. दुकानात पाऊल टाकल्यावर तो आपोआप दूर होतो.

मी त्यांची धाकटी जाऊ. एकोणीस वर्षं त्यांच्या दुकानात इस्त्री, काजं आणि हातशिलाई करते आहे. दुकान म्हणजे रस्त्याकडे काचेचं दार असलेली एक खोली. मधोमध कापडं कापायचं लांब टेबल, त्याच्या डाव्या अंगाला माझं इस्त्रीचं टेबल, आणि मागे पडद्याआड मापं घ्यायची जागा. त्या पडद्याआडून बायका लालबुंद होऊन बाहेर यायच्या. "मागच्या वर्षीच्याच मापाचा शिवू म्हणता? मग कंबरही मागच्या वर्षीची घेऊन या," हे त्यातलं सौम्य. मला तर रोजचाच प्रसाद होता. "धाकटे, ही चुणी कापडाला पाडलीस की तुझ्या कपाळावरची खाली उतरवलीस?" जिभेला हाड नसतं म्हणतात. जाऊबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, पण धार होती.

तरी गिऱ्हाईक तुटत नव्हतं. कारण त्यांनी कापलेला कपडा अंगावर असा बसायचा की ज्या बाईला आत रडू आलं तीच घरी जाऊन आरशासमोर तासभर उभी राहायची. बोलून अपमान आणि शिवून सन्मान, असा आमचा धंदा उत्तम चालला होता.

मग एका रविवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी जिभेवर उपदेश केला. शब्दाने माणूस उभा करता येतो आणि शब्दानेच आडवा, असं ते म्हणाले. सगळ्या मंडळीने हळूच वळून जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंनीही मागे वळून सगळ्या मंडळीकडे पाहिलं, तेव्हा सगळे पुन्हा पाळकसाहेबांकडे बघायला लागले.

त्यांच्या पत्नी, पाळकबाई, मात्र कामाच्या बाई. नुसता उपदेश ऐकून घरी जाणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी त्याच आठवड्यात बायकांचं एक मंडळ काढलं आणि नियम केला: जिच्या तोंडून कठोर शब्द निघेल तिने एका काचेच्या बरणीत एक बटण टाकायचं. बटणच का, तर बरणी आमच्या दुकानात ठेवायची ठरली होती. दुकानच का, हे कुणी बोललं नाही. सगळ्यांची जीभ तेव्हा नुकतीच मधुर झाली होती.

पहिल्या आठवड्यात बरणी गळ्यापर्यंत भरली. सोमवारी दोन सदरे बटणांशिवाय आणि मंगळवारी एका मास्तरांचा कोट एकाच बटणावर घरी गेला. मास्तर कोट हाताने धरून परत आले, तर जाऊबाई म्हणाल्या, "पोट आत घेतलंत तर धरावा लागणार नाही," आणि त्यांच्याच कोटाचं उरलेलं एकमेव बटण बरणीत टाकलं.

पण जाऊबाईंचा एक स्वभाव आहे. एखादी गोष्ट हातात घेतली की ती त्या शेवटाला नेतात. दुसऱ्या आठवड्यात बरणीत तीनच बटणं पडली. तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. पडद्याआडून आता बायका हसत बाहेर यायला लागल्या. "देवाने तुम्हाला हात राखून दिलेलं नाही, आपण कापडही हात राखून घ्यायला नको," असं त्या एका भरल्या अंगाच्या बाईला म्हणाल्या, तेव्हा माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि एक पदर करपला. मी डोळे मिटून घेतले. जाऊबाई जवळ आल्या, करपलेलं कापड पाहिलं आणि म्हणाल्या, "असू दे धाकटे. दमली असशील."

खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडले. एकोणीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं की मी दमते का.

पुढे मंडळाने आणखी एक नियम केला. नुसतं कठोर बोलायचं नाही एवढ्याने भागत नाही, समोरच्याला धीर येईल असंच बोलायचं. निराशेचा शब्द म्हणजे विश्वासात खोट. मग काय विचारता! कुणाचं गळकं छप्पर असो की मुलाची गेलेली नोकरी, सगळ्यांना एकच औषध: "प्रभू बघून घेईल." शिडी घेऊन छपरावर कुणी चढलं नाही, पण शब्दांनी मात्र सगळ्यांची छपरं शाकारून झाली. जाऊबाईंनी भर उपासनेत उभं राहून आपली जीभ कशी बदलली याची साक्ष दिली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

याच सुमाराला एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. जाऊबाईंची कंबर माझ्या इस्त्रीच्या टेबलाला आपटायची. एकोणीस वर्षं ते टेबल तिथंच आहे. टाचण्यांची डबी टेबलाच्या डाव्या टोकाला असली की हमखास खाली. डावीकडून कुणी दारात आलं तर त्यांना पत्ताच नसायचा. गल्लीत बायका आपसांत म्हणायच्या, साक्ष दिल्यापासून कात्रीबाईंना गर्व झालाय, ओळख देत नाहीत. तोंडावर मात्र म्हणायच्या, किती तेज आलंय हो चेहऱ्यावर.

आणि कापडं वाकडी कापली जायला लागली. फार नाही. डावी बाजू बोटभर आत, कधी दोन बोटं. ज्या बाईने एकोणीस वर्षांत सुताइतकी चूक केली नाही, तिच्या हातून.

मी काय केलं? मी ते कपडे पिशवीत घालून घरी न्यायची, उसवायची, जोड द्यायची, सकाळी गुपचूप आणून टांगायची. त्या बघायच्या आणि विचारायच्या, "बरा बसलाय ना गं?" मी म्हणायची, "ताई, काय हात आहे तुमचा!" मंडळाच्या नियमाने हे बरोबरच होतं. पण नियमाचं नाव मी कशाला पुढे करू? मला ती गोडी हवी होती. खरं सांगितलं तर ती जुनी जीभ म्यानातून बाहेर येईल, आणि पहिला वार माझ्यावर होईल, याची मला भीती होती. म्हणून मीही म्हणायची, प्रभू बघून घेईल. देवावरचा भरवसा आणि अंगचोरपणा यांच्यात एका शिवणीचंच अंतर असतं, आणि ती शिवण मी रोज उसवत होते.

या उसवण्याच्या सहाव्या महिन्यात चर्चच्या गायकवृंदाच्या बारा नव्या झग्यांचं काम आलं. जाऊबाईंनी कापडाचे बारा थर एकावर एक नीट घातले आणि एकदाच कात्री चालवली. असं कापायला छाती लागते. बरोबर कापलं तर बाराही बरोबर, चुकलं तर बाराही चूक. बाह्या त्यांनीच जोडल्या. टोकं दुमडायचं काम माझं, ते माझ्या हातात आलं शनिवारी दुपारी. मी पहिली बाही दुमडली, दुसरी दुमडली, आणि झगा उभा धरला. डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं आखूड. दुसरा झगा घेतला. चार बोटं. बारावा घेतला तेव्हा मी मोजायचंही सोडून दिलं होतं.

कापड उरलं नव्हतं, वेळ तर नव्हताच. मी बारा झग्यांना कडक इस्त्री केली. जणू इस्त्रीने बाही वाढते.

रविवारी गायकवृंद उभा राहिला. बारा जणांनी बारा डावे हात पाठीमागे घेतलेले! कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपलाच झगा फसलाय, आणि झग्याची तक्रार करणं म्हणजे कठोर बोलणं. गाण्याच्या वह्या उजव्या हातात, पानं उलटायची हनुवटीने. पाळकसाहेब भारावले. देवासमोर कसं उभं राहावं हे आमच्या गायकांकडून शिकावं, असं ते म्हणाले. पाळकबाईंनी जाऊबाईंचा हात हातात घेऊन सांगितलं, "असे झगे आम्ही कधी पाहिले नव्हते." हे मात्र अक्षरशः खरं होतं.

मला हसू येत होतं. खोटं नाही, ओठ चावून मी हसू दाबत होते. आणि मग उपासना संपली, जाऊबाई ताठ मानेने निघाल्या, आणि डावीकडच्या बाकाला अडखळून पायऱ्यांवर आडव्या झाल्या.

चारचौघींनी उचललं. गुडघा फुटला होता. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "प्रभूने सांभाळलं, थोडक्यात निभावलं." जाऊबाई हसून "हो, हो" म्हणत होत्या, आणि त्यांचा डावा हात हवेत काहीतरी चाचपत होता. मी त्यांच्या डाव्या बाजूलाच उभी होते. त्यांच्यापासून दीड हातावर. त्या मलाच शोधत होत्या.

सोमवारी मी दुकानाचं दार आतून लावलं. एक झगा मागून घेतला होता, तो टेबलावर पसरला आणि माप घ्यायची फीत जाऊबाईंच्या हातात दिली.

"ताई, बाह्या मापा."

त्यांनी उजवी मापली. डावी मापली. मग फीत टाकून दिली आणि बोटांनी मापली. एक, दोन, तीन, चार. मी मान खाली घालून कात्रीची वाट बघत होते.

"बाराही?"

"बाराही."

"आणि याआधीचं?"

"सहा महिने. मी घरी नेऊन दुरुस्त करत होते."

"आणि मला म्हणत होतीस, ताई, काय हात आहे तुमचा."

त्या स्टुलावर बसल्या. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ आहेत," त्या म्हणाल्या. "डावीकडचं दिसत नाही, असं मी पाळकबाईंना सांगितलं होतं गं. त्या म्हणाल्या, असं निराशेचं बोलू नये, विश्वास ठेवावा. मग मी विश्वास ठेवला. रोज सकाळी म्हणायचे, प्रभू, मला दिसतंय. आणि सगळे कसे छान, सुरेख म्हणत होते. मला वाटलं, दिसतच असेल." मग म्हणाल्या, "धाकटे, मला भीती वाटते."

एकोणीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. सहा महिने मी गोड शब्दांचा नुसता रतीब घातला होता, आणि आता खरोखर धीर द्यायची वेळ आली तर एकही सापडेना. शेवटी एवढंच म्हटलं, "चला. मी येते बरोबर."

डोळ्यांचा डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. अंधाऱ्या खोलीत त्याने दोन्ही डोळ्यांत दिव्याचा झोत टाकून बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "हे बघा आजी, तशी फार काळजी करण्यासारखी..."

"डॉक्टर," जाऊबाई म्हणाल्या, "गोड बोलू नका. सहा महिने पोटभर झालंय."

तो चपापला. मग त्याने सरळ सांगितलं. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही. उजव्यालाही सुरुवात झाली आहे, पण रोज नेमाने थेंब घातले तर तो टिकेल. "पाच-सहा महिन्यांपूर्वी आला असतात, तर डावाही बराच वाचला असता," एवढं बोलून तो चिठ्ठी लिहायला लागला. आपण कुणाला काय बोललो, हे त्या बिचाऱ्याला कुठं माहीत होतं!

बाहेर बाकावर बसून मी हमसून हमसून रडले. हातात चिठ्ठी होती, ती भिजली. जाऊबाई मान फिरवून, उजवा डोळा माझ्याकडे करून बघत होत्या.

"ताई, माझ्यामुळे गेला हो तुमचा डोळा."

"सगळा तुझ्यामुळे नाही. थोडा माझ्यामुळे. एकोणीस वर्षं तुला असं भाजून काढलं नसतं तर तू पहिल्याच दिवशी बोलली असतीस." मग त्या म्हणाल्या, "राग आहे तुझ्यावर. संध्याकाळपर्यंत राहील. आता डोळे मीट, मला प्रार्थना करायची आहे."

मी मिटले. आजूबाजूला माणसं होती, पण त्यांनी आवाज काही खाली आणला नाही. "प्रभू, एक गेला, एक राहिला. तू दोन दिले होतेस ते काही शोभेला नव्हेत, हे आज कळलं. मला फार भीती वाटते. उजवा तुझ्या हातात. थेंब घालायचं काम माझं. मी विसरले तर हिला आठवण कर, आणि हिला बोलायची हिंमत दे. आमेन."

मी आमेन म्हटलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा अर्थ कळून म्हटलं.

आम्ही निघालो. दाराबाहेर रस्त्यावर उतरायला पाच-सहा दगडी पायऱ्या होत्या. जाऊबाई थांबल्या. त्यांनी माझं कोपर धरलं. घट्ट धरलं. आजवर त्यांनी कुणाचं काही धरलेलं मी पाहिलं नव्हतं.

"पायरी आली की सांग," त्या म्हणाल्या. "गोड सांगू नकोस. वेळेवर सांग."

पायरी आली. मी सांगितलं.