ॲडजस्ट आणि आईची कॉट

माटुंग्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवते, आणि एका इंग्रजी शब्दाचा मला मनस्वी संताप येतो. ॲडजस्ट. आमच्या काळाचौकीत ह्या शब्दावाचून पान हलत नाही. शिंपी ब्लाउज घट्ट शिवून ठेवतो आणि वर म्हणतो, "ॲडजस्ट करून देतो ना!" भाचीला स्थळ आलं तर निरोप असा, की मुलगी ॲडजस्ट करणारी हवी. सुट्टी मागितली की आमच्या विभागप्रमुख माझेच तास मला ॲडजस्ट करायला सांगतात. एकदा चिडून मी शब्दकोश उघडला. मूळ लॅटिन, अर्थ 'जवळ', 'शेजारी'. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये जोडणं, जवळ आणणं. 'जस्ट' म्हणजे न्याय्य, ह्या शब्दाशी त्याचं नातं लोकांनी मागाहून लावलं. म्हणजे त्यात न्याय मुळात नव्हताच! मलाही तो कधी दिसला नव्हता.

आमच्या घरात तर नाहीच. दरवर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला चैत्यभूमीला जायला गावाकडची माणसं येतात आणि आमच्या एका खोलीत उतरतात. मावशी, मावशीच्या जावा, त्यांच्या शेजारणी, शिवाय त्या शेजारणींना गाडीत भेटलेली कुणीतरी. सगळ्यांत थकलेल्या बाईला आई आपली कॉट देते आणि स्वतः मोरीच्या कडेला फरशीवर अंग टाकते. मी काही बोलले की म्हणते, "वर्षातनं एकदा येतात. करायचं ॲडजस्ट."

गेल्या वर्षी मात्र परळच्या इस्पितळात आईचा गुडघा नुकताच बदलला होता. जमिनीवर बसणं-झोपणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मी आईला ओळखते. दारात एखादी म्हातारी दिसली की ही कॉटवरून उठणार आणि नव्या गुडघ्याची वाट लावणार. म्हणून शेजारच्या मामींची बंद खोली मी आधीच मागून घेतली, झाडली, सतरंज्या टाकल्या आणि पाहुण्यांना परस्पर तिकडे उतरवलं. आईला सांगितलं, "तू कॉटवरून हलायचं नाहीस."

"बरं बाई," आई म्हणाली. ती इतक्या लवकर ऐकते तेव्हा काहीतरी शिजत असतं. पण मला पेपर तपासायचे होते.

दुपारी भाजी घेऊन आले तर कॉट रिकामी, वॉकर गायब. माझं डोकंच फिरलं. तरातरा शेजारी गेले. खाली मंडळाच्या ऑफिसातून कुणीतरी हातांची खुर्ची आणली होती, तिच्यात आई बसली होती. पाय स्टुलावर, पायाखाली उशी. भोवती बाया लसूण सोलत बसलेल्या. डॉक्टरांचा एकही शब्द मोडलेला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"आई, घरी चल. आराम कर."

"तिथे कोण आहे?"

"मी आहे ना!"

"तू पेपर तपासतेस गं," आई म्हणाली. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, म्हणून ते फार लागलं. इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर दुखणं दिसत नव्हतं.

"ये गं पोरी, बस," मावशी म्हणाली. "होईल ॲडजस्ट."

त्या खोलीत तीळ ठेवायला जागा नव्हती. मी घरी गेले, पेपरांचा गठ्ठा उचलला आणि कुरकुरतच परत आले. मावशीने पाय पोटाशी घेतले आणि आईच्या शेजारी मला जागा झाली.